उंदराचा डबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शिंगाडे सोलणं. तळ्यावरच्या ढिवरीणबाईनं टोपलीभर दिले होते. ते उकडले आणि परात घेऊन ओसरीवर बसलो. शिंगाड्याला दोन हात लागतात, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं चाकू चालवायचा. माझ्या बायकोचा उजवा हात लकव्यानं गेलेला होता. म्हणून मी धरायचो आणि ती डाव्या हातानं कापायची. तो उजवा हात तिच्या मांडीवर पडून राहायचा, शेजारणीनं आपलं झोपलेलं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

"बोट मंधात नोका आनू जी," ती म्हणाली. "तुमचाई हात गेला तर भात कोन उतरवन?"

"तू पाहून काप ना मंग."

"मी पाहूनच कापून राहिली. तुमचंच ध्यान नाई."

खरंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीचा विचार करत होतो. म्हटलं, उद्या तिच्या हाताच्या सरावाच्या डब्यात लाखोरीच्या डाळीच्या दाण्याऐवजी शिंगाड्याचा तुकडा ठेवू, मोठा असतो, बोटात लवकर येईल. तिनं चाकू थांबवला, माझ्याकडं पाहिलं, थोडी हसली आणि म्हणाली, "हाव."

त्या 'हाव'पाशीच मी अजून अडकून बसलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता ती खाली बसली ती उठलीच नाही. गोंदियाला नेलं, पण तिथल्या डॉक्टरनं दुपारी हात टेकले. मरण कोणाला चुकलं नाही, त्याची तक्रार लिहायला मी बसलो नाही. मी शाळा सातवीत सोडली, लिहायची सवयही नाही. पण एक गोष्ट गिळवत नाही म्हणून लिहितो. माझ्या बायकोनं मला फसवलं. आणि मला ते कळलं ती गेल्यावर, भांडायला समोर कोणी नसताना.

पहिला लकवा आला तेव्हा रोवणी चालू होती. ती बायांच्या ओळीत होती, गुडघ्याएवढ्या चिखलात. हातातली धानाची रोपं सुटली. तिनं उचलली, पुन्हा सुटली. बाजूची बाई हसली, म्हणाली, नवऱ्यानं रात्री झोपू नाही दिलं का वो. मग तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि सगळ्या ओरडल्या.

दवाखान्यातला डॉक्टर हिंदीत बोलायचा. "बाबा, जान बच गई, ये बहुत है. पैर चलेगा. हाथ का भरोसा मत रखो." मला तो माणूस आवडला नाही. आज वाटतं, सगळ्यांत तोच एक माझ्याशी खरं बोलला.

आम्हाला एकच पोरगी. ती दूरच्या मोठ्या शहरात उंदरांच्या मेंदूचं काम करते. गावात हे सांगायला मला सुरुवातीला लाज वाटायची. आमच्याकडं बांधातल्या उंदरांनी दरवर्षी धानाच्या लोंब्या बिळात ओढून न्यायच्या, आम्ही दवाई टाकायची, आणि आमच्या पोरीनं उंदरांना दाणापाणी करायचं, तेही पंख्याखाली. माझा जुना सोबती, ज्याची बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, माझ्या बांधीला लागून आहे, तो मला म्हणायचा, "तुझी पोट्टी उंदीर पोसून राहिली म्हनून आमच्या बांधावर वाढले."

आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर पोरगी आली. एका दुपारी तिनं आम्हाला मोबाइलवर आपलं काम दाखवलं. काचेची पेटी होती. पेटीला एक उभी फट, फटीबाहेर एक दाणा. आत पांढरा उंदीर. त्याच्या डोक्यावर टोपीसारखं काही चिकटवलेलं आणि त्यातून तार वर गेलेली. तो फटीतून हात बाहेर काढायचा, दाण्याला नुसता ढकलायचा, पकडणं जमायचं नाही.

"याला लकवा आहे," पोरगी म्हणाली. "आम्हीच केला."

"तुमीच केला?" आईनं विचारलं. तेव्हा तिची जीभ जड होती, पण हे स्पष्ट विचारलं. "मुद्दाम?"

"हो आई. त्याशिवाय बरं कसं करायचं ते समजत नाही."

"त्यानं का बिघडवलं होतं तुमचं?"

पोरगी मोबाइलवर बोट फिरवू लागली. तिनं दुसरा व्हिडिओ लावला. तोच उंदीर, काही आठवड्यांनंतरचा. आता तो हात पुढं करायचा त्याच घडीला पेटीवरचा बारीक दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे तारेतून मेंदूत करंट गेला, केसाएवढ्या तारेतून, अगदी थोडा. उंदीर हात पुढं करी, दिवा लागे. असं पुष्कळदा झालं आणि एकदाचा त्यानं दाणा पकडला आणि तोंडात घातला. आम्ही दोघं श्वास रोखून पाहत होतो, कुस्ती पाहावी तसे.

पोरीनं समजावून सांगितलं. मेंदूत वाटा असतात. एक वाट मेली तरी आजूबाजूच्या जिवंत असतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, किंवा अगदी कच्च्या जोडलेल्या असतात. हात हलवायचा प्रयत्न होतो नेमक्या त्याच वेळी करंट मिळाला, आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर ती जोडणी पक्की होत जाते. वेळ चुकली तर होत नाही.

मला हे लगेच समजलं. आमच्या भागात तलावाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातं. वरच्या बांधीचा बांध फुटला, पाणी भलतीकडं गेलं, तर आम्ही बाजूवाल्याच्या बांधीतून वाट पाडून आणतो. पहिल्या दिवशी पाणी नुसतं झिरपतं. पण सोडत राहिलं की त्याची त्याची वाट खोल होते. म्हटलं, हे तर आमचंच काम आहे, तुम्ही उंदराच्या डोक्यात करता एवढंच.

"माणसाले लावतात का हे?" मी विचारलं.

"लावतील, बाबूजी. अजून काम सुरू आहे. माणसांपर्यंत येईल."

"मंग नंबर लावा लागत असन."

पोरीनं आईकडं पाहिलं. मला वाटलं, आईचा पदर सरकला म्हणून पाहते. "हो," ती म्हणाली. "नंबर लागेल."

बस. माझ्या डोक्यात तिथून ते पक्कं बसलं. नंबर लावलेला आहे, मशीन येणार आहे, तोपर्यंत हात मरू द्यायचा नाही. वाट पाडून ठेवायची, पाणी मागून येईल.

मी तेलाचा रिकामा पिपा घेतला, कापला, कडा ठोकून बोथट केल्या. समोरच्या बाजूला हात जाईल एवढी उभी फट पाडली. आत लाखोरीचे दाणे ठेवले. रोज सकाळी चहा झाला की अंगणात ऊन येई, तिथं एका बाजूला ती बसायची आणि दुसऱ्या बाजूला मी. ती उजवा हात खांद्यापासून ढकलत ढकलत फटीत घालायची. आणि ती हात पुढं करायची त्याच घडीला मी तिच्या मनगटावर बोटानं टिचकी मारायचो. करंट नव्हता ना आमच्याकडं. टिचकी हाच आमचा करंट.

"हळू मारा जी. मी उंदीर नाई."

"उंदीर तुझ्यापेक्षा शहाना होता. त्यानं तक्रार नाई केली."

"त्याले बायको नसन."

गावात याचं नाव 'उंदराचा डबा' पडलं. येणारेजाणारे थांबून पाहायचे. सोबती म्हणाला, "लोक म्हनतात लाखोरी खाऊन पाय जाते, तू लाखोरीनं हात आनून राहिला." मी एकदा पोरीला फोनवर विचारलंही की शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन लावली आहे, तिची तार आणून थोडी थोडी लावून पाहू का. पोरगी फोनवर इतकी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. बायको बाजूलाच होती. "मी का रानडुक्कर आहो का जी?" म्हणाली आणि हसून हसून तिला ठसका लागला.

हात आला का? खरं सांगतो, नाही आला. बोटं थोडी वळायची. दाण्याला लागायची, दाणा सरकायचा. एकदा दोन बोटांच्या मधात दाणा अडकून बाहेर आला, तेव्हा मी सगळ्या आळीला सांगून आलो. बाकी नाही. पण मला त्याची फिकीर नव्हती. उंदराचंही तार लावायच्या आधी असंच होतं.

अधूनमधून मी पोरीला फोन करायचो. "नंबर कुठवर आला?"

"लांब आहे, बाबूजी."

"विचारून तर पाहा."

"आईला द्या फोन."

मग आई फोन घेऊन आत जायची. मला वाटायचं, मायलेकींचं काही असेल. मी म्हणायचो, "काऊन आत जाऊन राहिली? इथंच बोल ना." ती म्हणायची, बाहेर आवाज नीट येत नाही. आमच्या घरात आतच आवाज येत नाही, बाहेर येतो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी तिला माफ करू शकत नाही, ती सांगतो.

तिचं एकच मागणं होतं. महाशिवरात्रीला आमच्या भागातल्या प्रतापगडला, महादेवाच्या डोंगरावर जायचं. तिच्या माहेरचे लोक दरवर्षी जायचे, लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून डोंगर चढलेली. लग्नानंतर एकदाही जमलं नाही, तेव्हा नेमकी उन्हाळी धानाची रोवणी असायची. लकव्यानंतर ती म्हणाली, आता मी कोणत्याच कामाची नाही, तर आता तरी न्या. पाय चालत होता. बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलं की पुढं ऑटो मिळतो. डोंगर पूर्ण नाही तर खालून तरी दर्शन झालं असतं. सहज नेता आलं असतं.

मी म्हटलं, "आता कायले? एका हातानं का नमस्कार करशीन? मशीन लागू दे. हात आला की दोन्ही हात जोडून जा. मी सोता नेतो तुले वरपर्यंत."

तिनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "हाव. मशीन लागल्यावर जाऊ."

दुसरी महाशिवरात्र आली, तेव्हाही हेच बोलणं झालं. "मशीन लागल्यावर?" "हाव."

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या वाटेला लागले. सोबती मागं राहिला. त्यालाही लकवा होऊन गेला होता, मागच्या पावसाळ्यात. त्याचा डावा हात गेला. तो काठी टेकत आला होता, जेवला, आणि जाताना त्याला चप्पल घालायला वेळ लागत होता. मी त्याचा तो लोंबणारा हात पाहिला आणि माझ्या मनात आलं की बायकोचा नंबर वाया जातो आहे.

आमच्याकडं पाण्याच्या बारीची रीत आहे. तलावाचं पाणी प्रत्येकाच्या बांधीला बारीनं मिळतं. कोणाच्या घरी मयत झाली, लग्न निघालं, कोणी दवाखान्यात असला, तर तो आपली बारी बाजूच्या बांधीवाल्याला देतो. बारी कोणी वाया जाऊ देत नाही, पाण्याचा तो अपमान आहे. ज्याला दिली तोही नाही म्हणत नाही.

मी त्याला तिथंच थांबवलं. म्हटलं, "हिचा मशीनचा नंबर लागलेला आहे. आता तिले नोको. ते बारी तू घे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली चपलेकडं पाहिलं. "बरं," म्हणाला. "देशीन तर घेतो."

"पोरीले सांगून ठेवतो आजच. तयारीत राहा. डबाई आनून देतो तुले, रोज सकाळी बसत जा."

"बरं." तो गेला. इतक्या दिवसांत मला त्या घडीला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. तिचं काहीतरी कोणाच्या तरी कामी येईल असं वाटलं.

पोरगी मागच्या बाजूला मोठी भांडी उपडी घालत होती. मी तिला सांगितलं, आईच्या जागी काकाचं नाव घाल. नंबर तोच ठेव, खाली जाऊ देऊ नको, त्याला किती दिवस आहेत कोणास ठाऊक.

तिनं हातातला भाताचा मोठा गंज खाली ठेवला. "बाबूजी, बसा."

"बसून का करू? बोल."

"नंबर नव्हता, बाबूजी."

मला वाटलं, आई गेली म्हणून काढून टाकला. मी चिडलो. म्हटलं, एवढ्यातच कसा काढला, तेरवी आज झाली, कोणी कळवलं त्यांना?

"कधीच नव्हता," ती म्हणाली. "आमच्याकडं फक्त उंदरांवर होतं. दुसरीकडं कुठं कुठं माणसांवर लावून पाहून राहिले, पण ते अजून पाहणंच आहे. आईसाठी काही नव्हतं. मी त्या दिवशी म्हटलं की माणसांपर्यंत येईल. तुम्ही नंबर म्हटलं. तुमचं तोंड पाहून मला नाही म्हणवलं नाही."

"त्या दिवशी नाई म्हनवलं. अन् नंतर?"

ती रडायला लागली. मी थांबलो नाही. "नंतर का झालं? फोनवर लांब आहे, लांब आहे कोन म्हनत होतं?"

"मी सांगणार होते. आईनंच नको म्हटलं."

"आईले माहीत होतं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी तिनं मला विचारलं. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांगू नको."

मी भिंतीला टेकून बसलो. समोर ती भांडी होती, तेरवीच्या भाताची. मला एकाएकी तो उंदीर आठवला. मी विचारलं, "तो उंदीर कसा आहे, दाना पकडनारा?"

तिनं डोळे पुसले. तिला वाटलं, मी विषय बदलला. "तो नाही आता. शेवटी मेंदू काढून पाहावा लागतो. जोडण्या खरंच झाल्या का ते बाहेरून कळत नाही. पातळ पातळ कापून काचेवर ठेवून पाहतात."

"म्हनजे हात दिला, अन् मंग मारला."

"झोपेची दवा देऊन, बाबूजी. त्याला समजत नाही."

"हाव. ज्याले समजत नाई त्याच्यासंगंच हे चालते."

ती पुन्हा भांड्यांकडं वळली. तिनं आईला लकवा केला नव्हता, हे मलाही समजतं. ती आपल्या परीनं चांगलंच करत होती. पण त्या पेटीत ज्याला दाणा दाखवून हात पुढं करायला लावत होते तो उंदीर कोण होता, ते मला त्या भांड्यांसमोर बसून समजलं. डब्याच्या त्या बाजूला ती बसत होती, पण दाणा माझ्यापुढं टाकलेला होता. मी रोज हात पुढं करत होतो. आणि प्रतापगड राहून गेलं. मला खरं सांगितलं असतं तर मी तिला त्याच महाशिवरात्रीला नेलं असतं. एक हात तर एक हात. महादेवाला दोन लागतात असं कोणी सांगितलं आहे? तिला माहीत होतं की मशीन लागणार नाही, म्हणजे जाणंही होणार नाही, आणि तरी मला म्हणाली 'हाव'. दोनदा म्हणाली.

मी त्या दिवशी पोरीशी पुन्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तोंड धुतलं आणि चहा न घेता डबा काखेत मारून सोबत्याच्या घरी गेलो. मी त्याला बारी दिली होती, आणि ती बारी कधी नव्हतीच. आपल्या बारीचं पाणी आलं नाही तर ज्याला दिली त्याला जाऊन तोंडावर सांगावं लागतं, निरोप पाठवून चालत नाही.

तो खाटेवर बसून दातून करत होता. त्याची बायको चुलीपाशी होती. मी डबा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "ते मशीन नाई. माझ्या बायकोसाठी नव्हती, तुझ्यासाठीई नाई. उंदरासाठी आहे. मी तुले खोटी बारी दिली. मले माहीत नव्हतं."

त्यानं थुंकून तोंड पुसलं. "बस."

"बसाले नाई आलो."

"मले माहीत होतं, लेका. बस."

मला आधी समजलंच नाही. त्यानं चुलीकडं मान केली. त्याची बायको पदरानं हात पुसत आली आणि खाली पाहतच म्हणाली, "तिनं मले सांगतलं होतं, भाऊजी. मागंच. यायले लकवा झाला तवा मी तिले म्हटलं, आमचाई नंबर लावून दे ना वो बाई. तवा तिनं सांगतलं का नंबरबिंबर काही नाई."

"मंग काल तू बरं काऊन म्हटलं?" मी सोबत्याला विचारलं.

"का म्हनू मंग? तेरवीच्या दिवशी तुले का सांगू का तुझी बायको लबाड होती?"

"आनखी कोना कोनाले माहीत आहे?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हणजे सगळ्या आळीला माहीत होतं. मी दोन बोटांत अडकलेला दाणा घेऊन घरोघर फिरलो तेव्हा लोक 'वा वा' म्हणत होते. त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "वैनी, ते का म्हनाली ते सांगा. जसंच्या तसं. काऊन नाई सांगतलं मले?"

ती सांगायला तयार नव्हती. सोबती म्हणाला, सांग, आता कोणापासून लपवतं. मग ती म्हणाली, "ते म्हने, यायले मालूम झालं तर डबा फेकून देतीन अना शेतावर चालले जातीन. जलमभर मानूस दिवसाउजेडी माझ्याजवळ बसला नाई. आता रोज सकाळी समोर येऊन बसते, माझा हात हातात घेते. बसू दे ना वो, म्हने. मशीन आली का नाई आली, मले का करायचं आहे."

चुलीवर चहा उतू गेला. ती उठून गेली. परत आली तेव्हा माझ्यापुढं कप ठेवला. मी घेतला नाही. आमच्याकडं दारी आलेला माणूस चहा टाकून उठला तर तो नाराज होऊन गेला, हा अर्थ सगळ्यांना कळतो. त्यांनाही कळला. मी डबा उचलला.

"डबा तर ठेवून जा," सोबती म्हणाला. "मी बसत जाईन."

"तुले तुझा करता येते. पिपा आहे घरी."

घरी आलो तेव्हा पोरगी दारात उभी होती. "कुठं गेले होते, बाबूजी? चहा ठेवते." मी उत्तर दिलं नाही. अंगणात ऊन आलं होतं. रोजच्या जागेवर डबा ठेवला आणि माझ्या बाजूला बसलो. आत दाणा ठेवला नाही. कशाला ठेवायचा? समोरची जागा शेणानं सारवलेली, कोरडी होती.

मी शेतावर निघून गेलो असतो, असं ती म्हणाली. डबा फेकून दिला असता. दोन बायांमध्ये बसून तिनं माझा हा हिशोब करून टाकला, आणि मला विचारलं नाही. एवढी वर्षं एका ताटासमोर काढली. एकदा तोंडानं म्हणायचं होतं, अजी, कामबिम राहू द्या, जरा बसा माझ्यापाशी. मी बसलो नसतो का? कदाचित चिडलो असतो, काहीतरी वेडंवाकडं बोललो असतो. पण बसलो असतो. निदान तसं म्हणून तरी पाहायचं होतं. त्यासाठी उंदीर कशाला पाहिजे होता, मशीन कशाला पाहिजे होती?

पोरीनं चहा आणून बाजूला ठेवला आणि आत गेली. चहावर साय आली. कोणीतरी रस्त्यावरून जाताना थांबलं, पाहिलं, काही न बोलता पुढं गेलं. बोट टिचकीसाठी वळलेलं होतं, ते मी सरळ केलं. ऊन अंगणातून सरकत ओसरीच्या पायरीवर चढलं. रोज या वेळी आम्ही उठायचो, ती म्हणायची, झालं जी, जा आता शेतावर.

मी उठलो नाही. म्हटलं, पाहून घे. मशीन नाही, दाणा नाही, तूही नाही. तरी बसलो का नाही?

विचारायला पाहिजे होतं तिनं.